मामाला काही होत नाही

डॉक्टरीणबाईंनी पट्टीचं टोक चिमट्यात धरलं आणि हलकेच ओढलं. पट्टी जखमेला चिकटून बसली होती. त्यांनी तिच्यावर मिठाचं पाणी सोडलं, थोडं थांबल्या, पुन्हा ओढलं. तो खुर्चीचे दोन्ही हात धरून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. भिंतीवर कसलासा तक्ता होता. तीन हातांवरूनही त्याला तो वाचता येत नव्हता. त्याच्या डोळ्यांना जन्मापासून एवढंच दिसायचं: समोर माणूस आहे हे कळायचं, कोण आहे ते आवाजावरून ओळखायचं.

"दुखतंय?"

"ओढताना जरा. एरवी नाही."

हे खरं नव्हतं. डाव्या कानामागची ती जखम आता एरवीही दुखायची. एका कुशीवर झोपणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

पट्टी सुटली. बाईंनी ती थाळीत टाकली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. जखम बघून डॉक्टर गप्प झाला की समजायचं ते समजावं, एवढी अक्कल त्याला गेल्या दोन महिन्यांत आली होती.

"काम काय करता तुम्ही?"

"धुलाईघरात आहे. चादरी वाळत घालतो."

"कुठल्या धुलाईघरात?"

"इथंच की. वर." त्याने बोट छताकडे केलं. "तुमच्या डोक्यावर."

बाईंनी खरोखरच वर पाहिलं. पांढरं छत होतं, पंखा फिरत होता. त्याच्यावर आणखी तीन मजले, आणि त्यांच्यावर रुग्णालयाची गच्ची.

"किती वर्षं?"

"चोवीस."

"उन्हात?"

"चादरी सावलीत कुठं वाळतात, मॅडम?" तो हसला. कानामागची कातडी ताणली गेली आणि हसू तिथंच आवरलं.

बाई हसल्या नाहीत. वयाने लहान होत्या, आवाजावरून तिशीच्या आतबाहेर. "चोवीस वर्षं तुम्ही रोज या इमारतीत येता," त्या म्हणाल्या. "जन्मापासून कातडीत रंग नाही तुमच्या. लांबून दिसतं. आणि आमच्यापैकी कुणीच तुम्हाला थांबवून काही सांगितलं नाही?"

"लिफ्टमध्ये भेटायचे डॉक्टरलोक. चादरी पांढऱ्याशुभ्र निघतात म्हणायचे."

यावर बाईंनी कापूस उचलला आणि जखम पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता, त्याच्याकडे न बघता, त्यांनी सांगायचं ते सांगितलं. कानामागचं दुखणं मानेतल्या गाठींत उतरलं होतं. छातीच्या फोटोतही दोन ठिकाणी दिसत होतं. कापून काढण्याची वेळ निघून गेली होती. आता जखम स्वच्छ ठेवायची, दुखणं कमी करायचं. तेवढं करू, त्या म्हणाल्या, आणि मग 'तेवढं' हा शब्द आपल्यालाच बोचल्यासारख्या थांबल्या.

त्याने मान हलवली. त्याला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर कानात घंटा वाजतील, पायाखालची जमीन सरकेल. तसं काही झालं नाही. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"आणि हे काय अवघड होतं हो?" बाई एकाएकी म्हणाल्या. राग त्याच्यावर नव्हता, पण दुसरं कुणी समोर नव्हतं. "जाड कापडाचे पूर्ण बाह्यांचे कपडे. कान आणि मान झाकेल अशी रुंद काठाची टोपी. उघड्या राहणाऱ्या कातडीला मलम, दर दोन तासांनी, घाम आला की पुन्हा. दहा ते चार सावलीत. एवढंच. याला काय मोठं शास्त्र लागतं? खरखरीत डाग दिसला की दाखवायचा, पाच मिनिटांत काढून टाकतो आम्ही."

तो निमूटपणे ऐकत होता. बैल गेला आणि झोपा केला, असं त्याची आई म्हणायची. झोप्याची मापं मात्र बाई अगदी बिनचूक सांगत होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "हे कागदावर लिहून द्याल?"

बाई थबकल्या. "तुम्हाला?"

"मला नको. माझी भाची आहे, दहा वर्षांची. माझ्यासारखीच. तसेच केस, तसेच डोळे. सगळं तसंच."

बाईंनी कागद ओढला. एक बाजू भरली, मग त्यांनी तो उलटला. त्याला दिसणार नाही हे लक्षात येऊन त्या प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणत लिहीत गेल्या. ढगाळ दिवशीही. पाण्यावरून, वाळूवरून, पांढऱ्या भिंतीवरून परतणारं ऊनही तितकंच वाईट. ओठ विसरू नका. कान विसरू नका. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणा. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी दोन रेघा मारल्या. पेनाचा तेवढा करकर आवाज त्याला ऐकू आला.

*

खाली उतरायचं सोडून तो वर गेला. पायांना दुसरी वाट माहीत नव्हती.

गच्चीचं लोखंडी दार ढकललं आणि उजेड अंगावर आला. अकरा वाजून गेले होते. अठरा तारा, प्रत्येक तारेवर ओल्या चादरी, आणि उष्णता खाली झिरपू नये म्हणून पांढरी रंगवलेली फरशी. वरून ऊन, खालून ऊन, आणि चादरींवरून उडून तिरकं येणारं ऊन. इथं तो डोळे जवळजवळ मिटूनच काम करायचा. बघायची गरजच नसायची. ओली, दमट की कोरडी, ते हाताला कळायचं. त्यामुळे ही जगातली एकच जागा अशी होती की जिथं तो डोळसांच्या मागं पडत नसे.

कामाला लागला तेव्हा अठरा वर्षांचा होता. मुकादमाने त्याला पहिल्यांदा बघितलं आणि म्हटलं, "हा कुठला साहेब आला आमच्याकडं?" तेच नाव पडलं. सगळे साहेब म्हणायचे आणि साहेबाला सगळ्यांत जास्त पाट्या उचलायला लावायचे. संध्याकाळपर्यंत मान आणि कान लालबुंद व्हायचे, अंथरुणाला पाठ लागली की जळायचे, चार दिवसांनी साल निघायची. "साहेबांनी कात टाकली," मुकादम म्हणायचा, आणि तोही हसायचा. पुढं ठिपके आले. मग खरखरीत पापुद्रे आले, बोटाला वाळूच्या कणांसारखे लागणारे. तो ते नखाने खरवडून टाकायचा. ते परत यायचे. दोन वर्षांपूर्वी कानामागं एक आला, तो मात्र गेलाच नाही.

गच्ची त्याला का आवडायची, हे त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचं लहानपण बंद खिडक्यांमागं गेलं होतं. आई त्याला बाहेर सोडायची नाही. न्यावंच लागलं तर डोक्यावरून खांद्यांपर्यंत जाड काळं फडकं गुंडाळायची आणि हाताला धरून भिंतीच्या कडेकडेने न्यायची. वाटेवरची पोरं ओरडायची, "आत काय लपवलंय?" शाळेत सगळी मैदानावर गेली की तो वर्गात फळा पुसत बसायचा. आईला आपली लाज वाटते, हे त्याला दहाव्या-अकराव्या वर्षीच कळून चुकलं होतं. कळल्यावर ते कुणाला विचारायचीही सोय नव्हती.

सोळाव्या वर्षी भर रस्त्यात त्याने ते फडकं ओढून काढलं आणि तिच्या पायाशी फेकलं. "तुला माझी लाज वाटते ना? मग बघू दे सगळ्यांना," तो ओरडला. आई खाली वाकली. तिने फडकं उचललं, झटकलं, घडी घातली. त्यानंतर तिने ते कधी बाहेर काढलं नाही. दोन वर्षांनी त्याने गावातली सगळ्यात उघडी जागा शोधली आणि तिथं काम धरलं.

"काय म्हणाले डॉक्टर?" चादरींच्या आडून मुकादमाचा आवाज आला. मुकादम आता म्हातारा झाला होता.

"म्हणाले, ऊन वाईट."

"हात्तिच्या! हे सांगायला एवढं शिकावं लागतं होय?" म्हातारा हसत हसत जवळ आला. जवळ आल्यावर त्याने साहेबाचं तोंड पाहिलं आणि हसणं बंद केलं. मग मुकादमाने आपल्या डोक्यावरची टोपी काढली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. नीट बसेना तेव्हा दोन्ही हातांनी खाली ओढून बसवली. तरी तिने कान झाकले जात नव्हते.

"जा बाबा सावलीत," म्हातारा म्हणाला. "जा."

*

ताई शाळेच्या गणवेशांची शिलाई करायची. तिच्या घरात यंत्र खिडकीशी, आणि त्याच्या भोवती खांदे नसलेले, कॉलर नसलेले, बाह्या नसलेले कपडे. नवरा लांबच्या ट्रकवर. महिन्यातून दोनदा घरी यायचा. गच्चीवरून उतरून भाऊ तिच्याकडं पोचला तेव्हा ती बाह्या जोडत होती. त्याने कागद तिच्या हातात दिला आणि आधी स्वतःबद्दलच सांगितलं, म्हणजे रडणं आधीच होऊन जाईल आणि कागद मधेच राहणार नाही. मान, छाती, वेळ निघून गेली. तीन वाक्यांत झालं.

ताई रडली नाही. तिने यंत्राचं चाक हाताने थांबवलं. मग कागद वाचला. उलटला, पुन्हा वाचला.

"हे मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय?"

"हे सगळं. दहा ते चार. बाह्या. कान. तेव्हा ते मलम मिळत नव्हतं, एवढाच फरक."

त्याला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक होते आहे. तो खुर्ची ओढून तिच्या जवळ सरकला.

"तू दहाचा होतास, मी चौदाची," ताई खाली बघून सांगू लागली. "तुझ्या पाठीवर फोड आले होते. आईला वाचता येत नव्हतं म्हणून ती मला बरोबर घेऊन दवाखान्यात गेली. तुला आदल्या दिवशी दाखवून झालं होतं, त्या दिवशी शेजाऱ्यांकडं ठेवलं होतं. तिथं मोठे डॉक्टर होते. ते म्हणाले, उन्हापासून जपलंत तर तुमच्या-आमच्यासारखाच जगेल. नाही जपलंत तर चाळिशी कठीण आहे."

"मग?"

"मग काय. आईने पहिलं वाक्य ऐकलंच नाही. येताना वाटेत ती मधेच खाली बसली, रस्त्याच्या कडेला. म्हणाली, त्याला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं तर पोरगं रोज मरेल. मी झाकीन त्याला. मी मरेपर्यंत झाकीन." ताईने हातातली बाही उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "माझ्याकडून वचन घेतलं तिने. आणि घरी आल्या आल्या जुना पडदा फाडून ते काळं फडकं शिवलं. मीच शिवलं. माझं पहिलं शिवण ते."

बाहेर गल्लीतून कुणीतरी सायकल ढकलत नेत होतं. चाकाचा टक टक आवाज खिडकीपाशी आला आणि पुढं गेला.

"मला वाटायचं," तो म्हणाला. "मला वाटायचं, तिला..."

"ठाऊक आहे. तू भर रस्त्यात सांगितलंस तिला. त्या दिवशी घरी येऊन ती मला म्हणाली, आता सांगितलं तर त्याला वाटेल मी लाज लपवायला खोटं बोलते. आणि समजा पटलं, तर काय? वर्षं मोजत बसेल."

त्याने मनात हिशेब केला. बेचाळीस चालू होतं. "दोन वर्षं जास्तच काढली की मी," तो म्हणाला. ताईने झटकन वर पाहिलं, आणि मग तिचा चेहरा चोळामोळा झाला.

"तू मला का नाही सांगितलंस? आई गेली तेव्हा तरी?"

"सांगणार होते. पण तू तेव्हा चौतीस वर्षांचा, ठणठणीत. चादरींच्या पाट्या उचलायचास. मी म्हटलं, डॉक्टर चुकला असेल. चुकतात की." ताईने डोळे पुसले. "मला तो चुकायलाच हवा होता रे. तू चाळिसाचा झालास त्या दिवशी मी तुला घरी बोलावून पोटभर जेवायला घातलं, आठवतं? तू म्हणालास, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही, सहज."

त्याला आठवत होतं. त्या दिवशी कानामागचा डाग त्याने पहिल्यांदा खाजवला होता, तिच्याच मोरीतल्या आरशापुढं.

रागवावं असं त्याला वाटत होतं. पण राग कुणावर काढायचा तेच कळेना. मेलेल्या बाईवर काढता येत नाही. समोरची बाई बाहीच्या टोकाने नाक पुसत होती. उरला तो सोळा वर्षांचा पोरगा, रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडणारा. त्याला आता कोण गप्प करणार?

"आणि भिंगरी?" त्याने विचारलं. भाचीला घरात सगळे भिंगरीच म्हणायचे, कारण ती चालायला लागली तीच पळत. "तिला तरी सांगितलंस?"

"टोपी घालते तिला. कोपऱ्यापर्यंत राहते, मग दप्तरात जाते. मलम लावलं तर पुसून टाकते. ओरडले, एकदा हातही उचलला. ती काय म्हणते माहीत आहे?"

"काय?"

"म्हणते, मामा दिवसभर उन्हात असतो. मामाला काही होत नाही."

त्याचा हात कानामागच्या पट्टीकडं गेला.

"आणि तूच तिला शिकवलंस," ताईचा आवाज चढला, पुन्हा उतरला. "तोंड लपवायचं नाही. कुणाला भ्यायचं नाही. चार वर्षांची होती तेव्हा खांद्यावर बसवून गच्चीवर नेलंस. मी काय तोंडाने नाही म्हणणार होते? तू विचारलं असतंस, का म्हणून."

तो दिवसही त्याला आठवत होता. ओल्या चादरींमधून पळणारी भिंगरी, आणि मुकादम म्हणाला होता, धाकट्या साहेबीण आल्या. तिने घरी जाताना त्याच्या मानेला मिठी मारली होती आणि दोघांच्याही माना सारख्याच तापलेल्या होत्या. त्याने आयुष्यात कुणाला काही दिलं असेल तर ते एवढंच, असं तो आजवर समजत आला होता.

*

साडेतीनला ती आली. दारातच बूट काढून कोपऱ्यात फेकले, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. नाक, गाल आणि कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. टोपी डोक्यावर नव्हती, हे त्यालाही दिसलं.

"मामा! निवड झाली माझी. शनिवारी शर्यत आहे, सगळ्या शाळांची. बाई म्हणाल्या, माझ्या रांगेची रेघ चुन्याने जाड मारतील, म्हणजे मला दिसेल."

"वा," तो म्हणाला. "किती वाजता?"

"बारा वाजता."

ताई उठून आत स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर भांडी उगीचच इकडची तिकडं होऊ लागली.

"भिंगरे, इकडं ये. तुला एक दाखवायचं आहे."

ती जवळ आली. त्याने मानेमागं हात नेला आणि सकाळी डॉक्टरीणबाईंनी लावलेल्या पट्टीचा कोपरा सोडवला, मग दुसरा. पट्टी हातात धरून त्याने डोकं एका बाजूला कलतं केलं. तिचे डोळे त्याच्याइतकेच अधू. तिला काही बघायचं तर नाक टेकवल्यासारखंच बघावं लागे. ती वाकली, आणखी वाकली. तिचा श्वास त्याला जखमेवर जाणवला. मग तो श्वास थांबला. वास आला असणार. तरी ती लगेच मागं सरली नाही. तिने नीट, वरून खालपर्यंत बघितलं.

"हे काय आहे?"

"ऊन आहे."

"ऊन असं असतं?"

"साचत गेलं की असतं. आपली कातडी इतरांसारखी नाही, भिंगरे. त्यांच्या कातडीत रंग असतो, तो उन्हाला अडवतो. आपल्यात अडवणारं कुणी नाही. आपणच अडवायचं. कपड्याने, टोपीने, मलमाने. मी नाही अडवलं."

"का?"

यावर द्यायला त्याच्याकडं आज सकाळपर्यंत एक उत्तर होतं. आता ते उरलं नव्हतं.

"मला वाटलं, झाकून घेणं म्हणजे लाजणं. तसं नव्हतं. मला कळलं नाही." त्याने पट्टी पुन्हा बसवायचा प्रयत्न केला, पण ती चिकटेना. भिंगरीने त्याचा हात बाजूला केला आणि आपल्या अंगठ्याने चारी कोपरे दाबून बसवले.

"आधी कसं होतं?" तिने विचारलं. "सुरुवातीला?"

"काही नसतं. खरखर लागते, वाळूसारखी. दुखत नाही. म्हणून तर कळत नाही."

भिंगरीचा हात आपल्या उजव्या कानाच्या टोकाकडं गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. त्याला हालचाल तेवढी दिसली.

"उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं," तो म्हणाला. "पाच मिनिटांचं काम असतं म्हणतात. आणि शनिवारी जायचं नाही. सकाळी लवकर पळ, ऊन उतरल्यावर पळ. भर बारा वाजता नाही."

"शर्यत बारालाच असते."

"हो."

"मग मी कधीच शर्यतीत नाही?"

ती खाली बसली, त्याच्या पायाशी, गुडघ्यांत हनुवटी घालून. रडेल असं त्याला वाटलं, पण ती रडत नव्हती. फरशीवरच्या एका कपच्यावरून बोट फिरवत होती. कितीतरी वेळ. तो मनातल्या मनात तिला म्हणत होता, चिड, ओरड, काहीतरी फेक माझ्या पायाशी. तिने काहीच फेकलं नाही.

"मामा," ती म्हणाली.

"काय गं?"

"तुझं बरं होणार ना?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद पडला.

प्रश्न सरळ होता आणि विचारणारी दहा वर्षांची होती. त्या क्षणी त्याला ती वाट दिसली, ज्या वाटेवर त्याची आई मधेच खाली बसली होती. तिला उठायला किती वेळ लागला असेल, हेही कळलं.

"होणार की," तो म्हणाला. "औषधं चालू आहेत. दोन-चार महिन्यांत ठणठणीत."

आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. त्यालाच नवल वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं हलकं वाटलं, आज दिवसभरात पहिल्यांदाच. भिंगरीने मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि उठली. कोपऱ्यात जाऊन तिने बूट उचलले, उंबऱ्यावर बसून एक पायात चढवला. "मग मला झालं तरी औषधाने बरं होईल. शाळेतल्या बाईंना सांगून येते, शनिवारी येणार म्हणून."

दुसरा बूट चढवताना ती गुणगुणत होती. दारापलीकडं गल्लीत ऊन अजून भिंतीच्या मध्यावर होतं.

"भिंगरे, थांब."

"लगेच येते ना!"

"थांब म्हटलं ना. बूट ठेव खाली. इकडं ये, अशी जवळ बस."

त्याच्या आवाजात काहीतरी असलं पाहिजे, कारण ती मुकाट्याने आली. एक पाय बुटात, एक उघडा. त्याचा चेहरा नीट दिसावा म्हणून ती अगदी जवळ सरकली. तिच्या पांढऱ्या पापण्या सारख्या फडफडत होत्या. स्वयंपाकघराच्या दारात ताई येऊन उभी होती. ती हाताने नको नको म्हणत होती की नुसतीच उभी होती, ते त्याला इतक्या लांबून दिसत नव्हतं.

"मी आत्ता खोटं बोललो," तो म्हणाला.